खाली वाकून पाहायचं झाड

चार वर्षांपूर्वी आमच्या वडोदऱ्यात बोन्सायचं एक छोटंसं प्रदर्शन भरलं होतं. मावशीनं तिचा वड तिथं मांडला होता, म्हणून मला जाणं भाग होतं. खरं सांगायचं तर बोन्साय हा प्रकार मला तेव्हा फारसा आवडत नसे. चांगल्या वाढणाऱ्या झाडाला धरून-बांधून ठेंगणं का ठेवायचं, हा प्रश्न माझ्याही मनात होता.

हॉलमध्ये लोक टेबलांमधून फिरत होते. प्रत्येक झाडापाशी दोनच प्रश्न विचारले जात होते : "किती वर्षांचं आहे?" आणि "केवढ्याला पडेल?" उत्तर मिळालं की फोटो काढायचा आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. मीही तेच केलं. मावशीच्या वडाकडे वरून पाहिलं आणि म्हणाले, "किती गोड गं!"

मावशीचा चेहरा उतरला. "गोड काय? बाहुली आहे का ती? आधी खाली वाक."

मी वाकले. "अजून खाली," ती म्हणाली. शेवटी गुडघे टेकून, डोळे कुंडीतल्या मातीच्या पातळीवर आणले, तेव्हा कुठं तिनं मान डोलावली. आणि मग ते झाड एकदम मोठं झालं. जमिनीत रुतलेली जाडजूड मुळं, वर जाता जाता निमुळतं होत गेलेलं खोड, फांद्यांवरून खाली उतरून मातीला टेकलेल्या पारंब्या. हातभर उंचीचं रोपटं पाहतेय असं वाटेचना. लांबवर शेताच्या बांधावर उभा असलेला एखादा जुना वड रस्त्यावरून दिसावा, तसं ते दिसत होतं. त्याच्याखाली बैल बांधलेले असतील, कुणीतरी भाकरी सोडून बसलं असेल, असंही वाटून गेलं.

बोन्साय पाहण्यातली निम्मी गोष्ट एवढीच आहे. ते झाडाच्या उंचीवर येऊन पाहायचं असतं, आणि बहुतेक जण ते उभ्यानंच पाहतात.

तबकातलं झाड

'बोन' म्हणजे उथळ तबक किंवा कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, इतकाच त्या जपानी शब्दाचा अर्थ. मराठीत आपण त्याला वामनवृक्ष म्हणतो आणि मला हे नाव मूळ नावापेक्षाही आवडतं. वामन दिसायला बटू होता, पण त्यानं पाऊल उचललं तेव्हा काय झालं ते बळीराजाला विचारा!

ही कला जपानच्या नावानं ओळखली जात असली तरी तिचं मूळ चीनमध्ये आहे. तिथं तिला 'पेनजिंग' म्हणतात. तांग घराण्यातल्या एका राजपुत्राच्या थडग्यात इसवी सन 706 च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या एका चित्रात एक सेविका छोटे दगड आणि रोपं मांडलेलं तबक दोन्ही हातांत धरून उभी आहे. तिथून ही आवड जपानमध्ये गेली आणि तिथल्या लोकांनी तिला आपल्या स्वभावाप्रमाणं आणखी साधं, आणखी मोजकं केलं.

जपानी लोकांच्या मनात या झाडांना काय जागा होती, हे त्यांच्या एका जुन्या नाटकावरून कळतं. नाटकाचं नाव 'हाचि-नो-कि', म्हणजे कुंडीतली झाडं. हिमवर्षावाच्या रात्री एक भटका भिक्षू एका सामुराईच्या मोडक्या घराशी येतो. सामुराईची जमीन नातेवाइकांनी बळकावलेली, घरात दारिद्र्य. पाहुण्याला ऊब द्यायला सरपणसुद्धा नाही. चांगल्या दिवसांतली तीन झाडं तेवढी कुंड्यांमध्ये शिल्लक राहिलेली असतात : एक प्लम, एक चेरी आणि एक पाइन. तो तीनही तोडतो आणि अनोळखी माणसासाठी शेकोटी पेटवतो. पुढं कळतं की भिक्षूच्या वेशातला तो माणूस म्हणजे देशाचा माजी कारभारी होजो तोकियोरी. तो सामुराईला त्याची जमीन तर परत देतोच, शिवाय आणखी तीन गावं देतो. त्या तीन गावांच्या नावांत प्लम, चेरी आणि पाइन हे शब्द असतात.

मला या गोष्टीत बक्षिसापेक्षा कुऱ्हाड उचलतानाचा तो क्षण महत्त्वाचा वाटतो. एखाद्याकडे देण्यासारखं काहीच उरलं नाही असं म्हणताना आपण सहसा पैसे, दागिने मोजतो. इथं त्याच्याकडे उरली होती ती वर्षं, त्या झाडांना दिलेली.

नजर कुठून कुठं न्यायची?

मावशीनं त्या दिवशी मला झाड पाहायला शिकवलं ते असं.

सुरुवात पायापासून. खोड मातीतून वर येतं तिथं मुळं चहूबाजूंनी पसरलेली दिसली पाहिजेत. झाडानं जमीन घट्ट धरून ठेवली आहे असं वाटलं पाहिजे. जपानी भाषेत याला 'नेबारी' म्हणतात. खांब रोवल्यासारखं खोड सरळ मातीत घुसलेलं दिसलं, तर झाड कितीही जुनं असो, कालपरवाच खोचल्यासारखं वाटतं.

मग खोड. ते खाली जाड आणि वर निमुळतं हवं. वळण असेल तर त्या वळणाला कारण हवं. वाऱ्यानं वाकवलं, उन्हाकडे झुकलं, कड्यावरून खाली लोंबलं, असं काहीतरी. बोन्सायच्या ज्या शैली सांगतात त्या मुळात निसर्गातल्या झाडांच्या गोष्टीच आहेत. समुद्रकिनाऱ्यावर सगळ्या फांद्या एकाच दिशेला गेलेलं झाड तुम्ही पाहिलं असेल. त्या शैलीचं नाव 'फुकिनागाशी'. घाटात दरडीच्या कपारीतून निघून दरीकडे लोंबणारं झाड म्हणजे 'केंगाई'. कोकण रेल्वेच्या खिडकीतून पाहत बसलात तर निम्म्या शैली फुकटात पाहून होतील.

काही जुन्या झाडांवर पांढरं पडलेलं, साल नसलेलं लाकूड दिसतं. ते पाहून "अरेरे, वाळलंय" म्हणू नका. वीज पडून किंवा बर्फानं मोडून फांदी मेली, तरी झाड जगत राहिलं, हे दाखवण्यासाठी ते तसंच ठेवतात, काही वेळा मुद्दाम घडवतातही. मेलेल्या फांदीला 'जिन' आणि खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला 'शारी' असं नाव आहे. एकाच झाडात मेलेलं आणि जिवंत शेजारी-शेजारी.

फांद्यांकडे आलो की त्यांच्यामधली रिकामी जागा पाहायची. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. नवशिक्याचं झाड पानांनी गच्च भरलेलं असतं, नुसता हिरवा गोळा. जाणकाराच्या झाडात एवढी मोकळीक असते की चिमणी आरपार उडून जाईल. गाण्यात दोन स्वरांमधला विराम जसा गवयाची तयारी सांगतो, तसंच हे.

शेवटी कुंडी. उथळ, साधी, बहुतेकदा मातकट रंगाची. ढोबळ नियम असा की कुंडीची खोली साधारण खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी असावी. जपानमधल्या तोकोनामे गावच्या कुंड्यांना जगभर मान आहे, पण चांगली कुंडी तीच जी झाडाआधी डोळ्यांत भरत नाही.

आणि हो, प्रत्येक बोन्सायला समोरची बाजू असते. त्या बाजूनं पाहिलं की झाडाचा शेंडा किंचित आपल्याकडे झुकलेला दिसतो. पाहुण्यानं दारात पाऊल टाकताच घरच्यानं मान लववावी, तितकाच.

पण हा छळ नाही का?

मी मावशीला तिथंच विचारलं. तिला हा प्रश्न नवा नव्हता.

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नसते. त्याच वडाची फांदी कापून शेतात लावली तर ती वीस वर्षांत मोठा वृक्ष होईल. त्याला ठेंगणं ठेवतात ते उपाशी ठेवून नव्हे. ठरावीक काळानं झाड कुंडीतून काढतात, मुळांचा काही भाग छाटतात, नवी माती घालतात. वरचे कोंब खुडत राहतात. मुळं कमी तर वरचा पसाराही कमी, असा तोल सांभाळला जातो. छाटलेल्या जागी बारीक, ताजी मुळं फुटतात आणि झाड तरुण राहतं. खतपाणी न मिळालेलं झाड बोन्साय होत नाही, मरतं. उलट नीट सांभाळलेलं बोन्साय त्याच्या रानातल्या भावंडांपेक्षा जास्तही जगू शकतं.

एक गंमत तिनं सांगितली. छाटणीनं पानं लहान होत जातात, पण फूल आणि फळ लहान होत नाही. हातभर उंचीच्या डाळिंबाला लागलेलं फळ आपल्या जातीच्या मापाचंच असतं. ते झेपेनासं होतं म्हणून बरेच जण मुळातच लहान फळांच्या जाती निवडतात.

फांद्यांना गुंडाळलेली तार पाहूनही लोक हळहळतात. तार फांदीला हवी ती दिशा देते. काही महिन्यांत फांदी तिथंच राहायला शिकते आणि तार काढून टाकायची असते. काढायला विसरलात तर मात्र ती सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षं दिसतो. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं पावसाळ्यात इतक्या जोमानं वाढतात की दर आठवड्याला तार पाहावी लागते. म्हणजे इथं खरा अपराध निष्काळजीपणाचा.

तो अपराध मी केलेला आहे. प्रदर्शनानंतर उत्साहाच्या भरात एका नर्सरीतून ज्युनिपरचं तयार बोन्साय आणलं. "घरात ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी घाला," असं तिथं सांगितलं होतं. मी ते एसी असलेल्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलं. महिनाभर हिरवंगार होतं. मग एका आठवड्यात तपकिरी झालं. मावशीनं कुंडी उचलून पाहिली आणि म्हणाली, "हे कधीच गेलंय. ज्युनिपर मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवं दिसतं." मी जवळजवळ महिनाभर मेलेल्या झाडाला पाणी घालत होते.

घरात बोन्साय ठेवलं की घराची भरभराट खुंटते असंही पुष्कळजण म्हणतात. मला विचाराल तर, ज्या घरात रोज सकाळी कुणीतरी पाच मिनिटं एका झाडाकडे नीट पाहतं, त्या घराचं काय खुंटणार?

1625 पासूनचा पाइन

बोन्साय समजून घ्यायचं तर एका झाडाची गोष्ट ऐकायलाच हवी. हे झाड आज अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातल्या बोन्साय संग्रहालयात आहे. जपानी श्वेत पाइन. त्याला बोन्साय म्हणून घडवायला सुरुवात झाली ती 1625 मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पाच वर्षं आधी.

हिरोशिमातल्या यामाकी घराण्यानं ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं. बोन्साय हाच या कुटुंबाचा व्यवसाय. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अणुबॉम्ब पडला, तेव्हा मासारू यामाकी आणि त्यांचे कुटुंबीय घरात होते. त्यांची नर्सरी स्फोटाच्या केंद्रापासून अवघ्या तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटून तुकडे सगळीकडे उडाले, घरातल्यांना जखमा झाल्या, पण सगळे वाचले. नर्सरीभोवती उंच भिंत होती. तिच्या आडोशाला ठेवलेला तो पाइनही वाचला.

1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं होत होती. त्यानिमित्त जपाननं अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिली. त्यात यामाकींनी आपला हा पाइन दिला. ज्या देशाच्या विमानानं आपल्या शहरावर बॉम्ब टाकला, त्याच देशाला.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त हलवून जाते. पुढची पंचवीस वर्षं संग्रहालयातल्या लोकांना या झाडाचा हिरोशिमाशी असलेला हा संबंध माहीतच नव्हता. झाडाचं वय ठाऊक होतं, देणाऱ्याचं नाव ठाऊक होतं, बस्स. रोज त्याला पाणी घातलं जात होतं, छाटलं जात होतं, येणारे-जाणारे वाकून पाहत होते. 2001 च्या मार्चमध्ये यामाकींचे दोन नातू वॉशिंग्टनला आले. लहानपणापासून ज्याच्याविषयी ऐकलं होतं, पण जे कधी पाहिलं नव्हतं, ते आजोबांचं झाड त्यांना पाहायचं होतं. त्यांच्या तोंडून संग्रहालयाला कळलं की आपण काय सांभाळतो आहोत.

2025 मध्ये या पाइनच्या बोन्साय-आयुष्याला 400 वर्षं झाली. साधा गुणाकार केला तर 1 लाख 46 हजारांहून अधिक दिवस. यातल्या कुठल्याही उन्हाळ्यात सलग काही दिवस सगळेच पाणी घालायला विसरले असते, तर हे झाड आज नसतं. युद्धात, दुष्काळात, घरातल्या मरणांच्या दिवशीसुद्धा कुणीतरी उठून मातीला बोट लावून पाहिलं असणार. देवळातली मूर्ती पाचशे वर्षं कुणी पाहिली नाही तरी दगड दगडच राहतो. हे काम मात्र रोजच्या रोजच पूर्ण होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अपुरं असतं.

त्याच संग्रहालयात 'गोशिन' नावाचं एक छोटं जंगल आहे. जॉन नाका या जपानी-अमेरिकी कलाकारानं एका तबकात ज्युनिपरची अकरा झाडं लावून ते केलं. त्याची नातवंडं अकरा, म्हणून झाडंही अकरा. घरात नवं नातवंड आलं की जंगलात झाड वाढे. नावाचा अर्थ 'आत्म्याचा रक्षक' असा सांगतात. मला तर ते आजोबांनी काढलेलं कुटुंबाचं छायाचित्र वाटतं.

जपानला जाण्याचा योग आला तर तोक्योच्या उत्तरेला ओमिया इथं बोन्सायचं गाव आहे. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतले काही बोन्साय माळी मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत तिथं गेले आणि 1925 मध्ये हे गाव वसलं. सुरुवातीच्या काळात तिथं राहायचं तर काही नियम पाळावे लागत : घरी निदान दहा बोन्साय हवीत, घर दुमजली नको, भिंतीऐवजी झाडांचं कुंपण हवं आणि फाटक येणाऱ्यासाठी उघडं हवं. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. 2010 पासून तिथं सार्वजनिक बोन्साय संग्रहालयही आहे. एवढ्या लांब जायचं नसेल तर दिल्लीच्या लोधी उद्यानात आणि म्हैसूरच्या दत्तपीठाच्या आश्रमातल्या बागेत बोन्साय पाहता येतात. कुठंही गेलात तरी वाका मात्र.

आपला वड

पाइन आणि मेपल आपल्या मैदानी उन्हाळ्यात टिकत नाहीत. टिकवण्याचा हट्टही नको. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल आहे. नुसतं शिकायचं असेल तर जेड घ्या. पाणी घालायला विसरलात तरी ते रागावत नाही, जास्त घातलंत तर मात्र रागावतं. जागा बाल्कनीत, चार-पाच तास ऊन येईल अशी. माती भुसभुशीत : विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं मुरलेलं शेणखत. पाणी वार पाहून नव्हे, मातीत बोट घालून. ओलसर लागलं तर थांबायचं, कोरडं लागलं तर कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. बाकी सगळं झाड शिकवतं.

वडाला पारंब्या फुटतात त्या दमट हवेत. मावशी पावसाळ्यात कोवळ्या पारंबीवर सरबताची नळी चढवून तिच्यात ओलं शेवाळ भरते, म्हणजे ती वाळत नाही आणि सरळ मातीपर्यंत पोहोचते. तिच्या वडाच्या सात पारंब्या अशाच मातीला टेकल्या आहेत. वडोदरा हे नावच 'वटोदर' या शब्दावरून आलं असं सांगतात, म्हणजे वडांच्या पोटात वसलेलं गाव. सोसायट्या वाढल्या तसे जुने वड कमी झाले. आता वटपौर्णिमेला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका बाजारातून तोडलेली फांदी आणण्याऐवजी मावशीच्या वडालाच सूत गुंडाळायला येतात. मावशी एवढंच बजावते, "सैल गुंडाळा गं, आणि संध्याकाळी सोडून न्या. तारेसारखं रुतेल."

मागच्या दिवाळीनंतर मावशी मुलाकडे कॅनडाला गेली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, एकटीला जमेना. वड तिकडं नेण्याचा प्रश्नच नव्हता. माती विमानात नेता येत नाही आणि तिथल्या थंडीत तो एक रात्रही काढणार नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं तो माझ्या बाल्कनीत आणून ठेवला. सोबत एक वही दिली. त्यात 1987 पासूनच्या नोंदी : माती कधी बदलली, कुठली फांदी का कापली, कुठल्या मे महिन्यात अर्धी पानं गळली. 1987 मध्ये मी दुसरीत होते.

"मेला तर?" मी विचारलं. ज्युनिपर आठवत होतं.

"तर मला फोन करू नकोस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मेलेल्याला पाणी घालत बसू नकोस म्हणजे झालं."

परवा उन्हाचा पारा 43 वर गेला होता. उथळ कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून हल्ली सकाळी सहाला आणि संध्याकाळी पुन्हा, असं दोनदा पाणी घालते. काल डाव्या बाजूला, जुन्या छाटणीच्या जागी, दोन कोंब दिसले, तांबूस, टोकदार. फोटो काढून मावशीला पाठवला. तिकडं मध्यरात्र असणार, तरी लगेच उत्तर आलं : "वरचा ठेव. खालचा खूड."

अजून खुडला नाहीये. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.